माठातला स्पीकर

शास्त्रीनगरातल्या आमच्या गच्चीवर एक जुना माठ पडून होता. जयपूरच्या उन्हाळ्यात दोन-तीन हंगाम राबलेला माठ पुढे पाणी गार करेनासा होतो, कारण पाण्यातले क्षार त्याच्या छिद्रांत बसतात आणि पाझर थांबतो. शेजारच्या मुलाने एका दुपारी तो मागून नेला. संध्याकाळी परत आणला तेव्हा माठाच्या तोंडावर बंद पडलेल्या टीव्हीतून काढलेला चार इंची स्पीकर बसवला होता आणि भोवतीची फट मळलेल्या कणकेने लिंपली होती. कडेखालून दोन वायरी निघाल्या होत्या. त्या ४४४० चिपच्या एका छोट्या अॅम्प्लिफायर बोर्डाला जोडल्या होत्या आणि बोर्ड बारा व्होल्टच्या अॅडॅप्टरला. "अंकल, अब सुनिए," तो म्हणाला.

तोच स्पीकर आदल्या दिवशी त्याच्या हातात नुसता वाजताना मी ऐकला होता. किरकिरा, पत्र्यासारखा आवाज होता. माठात बसल्यावर त्याला छाती आली. तबल्याचा डग्गा, जो आधी नुसता टकटकत होता, तो घुमू लागला. त्या मुलाने ना गणित केलं होतं, ना कुठला आराखडा पाहिला होता. आपल्या देशात वसतिगृहांतून, चहाच्या टपऱ्यांतून, ट्रॅक्टरवरून असे माठ कितीतरी वर्षं वाजत आले आहेत, त्यातलाच हा एक. पण त्या संध्याकाळी मला वाटलं, या माठापासून सुरुवात करून घरच्या घरी चांगला स्पीकर बांधण्यापर्यंतची वाट मराठीत कोणीतरी नीट लिहून ठेवायला हवी. हे पुस्तक त्यातून झालं.

माठाने नेमकं केलं काय, ते आधी समजून घेऊ, कारण पुढची सगळी प्रकरणं त्यावर उभी आहेत. स्पीकरचा पडदा, म्हणजे ज्याला बाजारात कोन म्हणतात तो, पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. स्पीकर उघडा असेल तर दाबलेली हवा कडेने वळसा घालून मागे पळते आणि पुढचा आवाज मागच्या आवाजाला गिळतो. शंभर हर्ट्झच्या स्वराची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. तिच्यापुढे दहा सेंटिमीटरच्या कोनाचा वळसा म्हणजे काहीच नाही, म्हणून खालचे स्वर आधी मरतात. वरच्या स्वरांच्या लाटा आखूड असतात, त्या बऱ्याच वाचतात, आणि आपल्याला ऐकू येतो तो किरकिराट. माठाने मागची हवा कोंडून घेतली. एवढंच केलं, पण ते सगळ्यात महत्त्वाचं होतं. १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा मूळ नमुना मांडला, तेव्हा त्यांनाही पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवण्याचा हाच प्रश्न सोडवावा लागला होता.

माठाचा आकारही चांगला आहे. आर.सी.ए. कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी १९५० च्या सुमारास एकच स्पीकर वेगवेगळ्या आकारांच्या डब्यांत बसवून मोजमापं घेतली. गोलाकार डब्याचा आवाज सर्वांत सपाट निघाला आणि घनाकृती डब्याचा खडबडीत, कारण धारदार कडांवर आवाजाच्या लाटा फुटतात. कुंभाराच्या चाकावर हा गोल फुकट मिळतो.

मग माठावरच का थांबू नये? कारण माठ गातो. बोटाने वाजवून पाहा, तो आपला स्वतःचा सूर देतो. दक्षिणेत घटम् आणि इथे राजस्थानात मटका हे वाद्यच आहे. स्पीकरमागचा डबा मात्र मुका हवा. मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याशी ताडून पाहिलं तेव्हा हा फरक माझ्या मनात पक्का बसला. मिरजेला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शिकलगार घराण्यांनी तंतुवाद्यं घडवली आणि २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर भोपळा निवडतो तो वाजावा म्हणून. तारेचा आवाज भोपळ्याने आपला करून घ्यावा, त्याला रंग द्यावा, हेच तिथलं कौशल्य. स्पीकर बांधणाऱ्याला त्याच्या बरोबर उलटं करायचं असतं. मिरजेच्या भोपळ्याने दिलेला रंग ध्वनिमुद्रणात आधीच उतरलेला आहे. त्यावर आपल्या प्लायवूडचा रंग चढला तर तंबोरा मिरजेचा राहत नाही. माठ कुठल्याही डग्ग्याला, कुठल्याही पुरुषी आवाजाला आपलाच सूर चिकटवतो. तिसऱ्या गाण्याला कान ते ओळखतो आणि मग दुसरं काही ऐकू येत नाही.

आता या पुस्तकाच्या मुख्य गोष्टीकडे येतो. बाजारातल्या बहुतेक चांगल्या स्पीकरमध्ये दोन किंवा तीन कोन असतात. खालच्या स्वरांना वूफर, वरच्यांना ट्वीटर, आणि त्यांच्यात कामाची वाटणी करणारा क्रॉसओव्हर, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर यांचं एक जाळं. या पुस्तकात तसा एकही स्पीकर नाही. इथे एका डब्यात एकच कोन आहे, तळापासून वरपर्यंत सगळं एकटा वाजवणारा. त्याला फुल रेंज म्हणतात. नवशिक्याला सोपा पडतो, हे कारण आहेच: वायर बोर्डातून निघते आणि सरळ स्पीकरच्या टोकांना लागते, मध्ये काही नाही. पण तेवढ्यासाठी मी हा आग्रह धरलेला नाही.

माझं खरं कारण गाण्यातलं आहे. मी जयपुरात राहणारा मराठी माणूस आहे आणि माझ्या घरात जयपूर घराणं वाजतं. या योगायोगाचं मला आजही नवल वाटतं. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १८५५ साली तेव्हाच्या जयपूर संस्थानातल्या उनियाऱ्याला जन्मले, पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाला गेले आणि १९४६ साली मुंबईत वारले. त्यांचं गाणं पुढे नेणाऱ्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, किशोरीताई आमोणकर मुंबईच्या. नाव या शहराचं राहिलं आणि गाणं आपल्याकडे वाढलं. इथे बसून ते परत ऐकताना मला जो आवाज हवा असतो तो एका गळ्याचा असतो. आकारात घेतलेली, न तुटणारी, वळसे घेत वर जाणारी तान. तिचा मूळ स्वर खाली असतो, पण तिचं तेज, तिची धार दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो याच पट्ट्यात. आणि दोन कोनांच्या स्पीकरमध्ये वाटणीची रेघ बहुधा इथेच, दोन-तीन हजारांच्या आसपास पडते. उत्तम अभियंता ही शिवण दिसू देत नाही. नवशिक्याच्या हातून ती दिसतेच, आणि ती गळ्याच्या मधोमध दिसते. एका कोनात शिवणच नाही. त्यात दुसरे दोष आहेत, पण गळा एकसंध राहतो.

ते दोष मी लपवणार नाही. एक सप्तक खाली तेवढ्याच जोराने वाजवायचं असेल तर कोनाला चौपट हलावं लागतं. लहान कोन तेवढा हलू शकत नाही. मोठा कोन घ्यावा तर वरचे स्वर अडतात: लाटेची लांबी कोनाच्या रुंदीएवढी झाली की आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जाऊ लागतो आणि बाजूला बसलेल्याला तो बोथट ऐकू येतो. दहा सेंटिमीटरच्या कोनाला हे साडेतीन हजार हर्ट्झच्या जवळपास गाठतं. म्हणून काही कारखाने कोनाच्या मध्यभागी दुसरा छोटा कागदी कोन चिकटवतात. फिलिप्सचा १९५० च्या दशकातला ९७१० हा आठ इंची स्पीकर त्याचं गाजलेलं उदाहरण. इंग्लंडात लोथर, जपानात फॉस्टेक्स यांनी याच एका कोनावर आपलं नाव कमावलं. जपानातले समीक्षक तेत्सुओ नागाओका यांनी प्लायवूडच्या फळ्या घरी कापून जोडायचे कितीतरी आराखडे वाचकांना दिले. आणि फार लांब जायला नको. आजोबांच्या काळातला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवा: लाकडी खोकं, पाठ उघडी, आत एकच स्पीकर. आपल्या घरांनी नाट्यसंगीत, बातम्या, भाषणं सगळं पिढ्यान् पिढ्या फुल रेंजवरच ऐकलं.

खालचे स्वर मग किती हवेत? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला असतो, काळी चारमधल्या बाईंचा २०८ ला. तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, म्हणजे पुरुषी तंबोऱ्यात ६९ ला. तीन-चार इंची कोनाला हा ६९ चा मूळ स्वर पेलत नाही. तरीही अशा स्पीकरवर खर्ज ऐकू येतो, कारण जवारी लावलेल्या तारेतून मूळ स्वरापेक्षा त्याचे सहस्वरच भरघोस निघतात आणि त्यांच्यातल्या अंतरावरून कान मूळ स्वर स्वतः भरून काढतो. स्वयंभू गंधार ऐकू येणारा कान हे काम सहज करतो. लग्नातला डीजे वाजवायचा असेल तर हे पुस्तक उपयोगी नाही. गळा, तंबोरा, पेटी, सारंगी, तबला आणि बोललेला शब्द यांना ते पुरतं.

डबा केवढा करायचा, हा प्रश्न पूर्वी अंदाजाने सुटत असे. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी तो गणितात बसवला. त्यांची तीन अक्षरसमूहांची भाषा आता स्पीकरच्या खोक्यावर किंवा माहितीच्या कागदावर छापलेली असते. एफएस म्हणजे कोन मोकळा सोडला तर तो कोणत्या वारंवारतेला सहज डोलतो. व्हीएएस म्हणजे किती लिटर हवेची स्प्रिंग कोनाच्या स्वतःच्या लवचीकपणाएवढी ताठ असते. क्यूटीएस म्हणजे डोलणं सुरू झाल्यावर ते किती लवकर आवरतं. समजा एफएस ९०, व्हीएएस ४ लिटर आणि क्यूटीएस ०.५ आहे. बंद डब्यात क्यूचा आकडा ०.७ व्हावा अशी आपली इच्छा असते, कारण तिथे खालचा आवाज फुगतही नाही आणि लवकर गळतही नाही. ०.७ ला ०.५ ने भागा, उत्तराचा वर्ग करा, एक वजा करा: जवळजवळ १ येतो. म्हणजे डबा व्हीएएसएवढाच, ४ लिटरचा. डब्यातला डोल ९० वरून सुमारे १२७ ला चढतो, काळी एकच्या षड्जाच्या किंचित खाली. एवढ्या गणितात पहिला डबा ठरतो. शाळेतल्या मुलाला ते येतं, आणि आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो मी पाहिला आहे.

आतून साडेबारा, सोळा आणि वीस सेंटिमीटर अशी मापं घेतली की बरोबर चार लिटर होतात. तिन्ही मापं वेगवेगळी ठेवलेली आहेत, कारण समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाट अडकून उभी राहते. वीस सेंटिमीटरला ती ८५० हर्ट्झच्या जवळ, बाकीच्यांना १०७० आणि १३७० च्या आसपास. तिन्ही बाजू सारख्या असत्या तर तिन्ही लाटा एकाच सुरावर ओरडल्या असत्या. उरलेल्या ओरडण्यावर उपाय कापूस. आमच्या शहराची रजई जगभर ओळखीची आहे, आणि रजई भरणाऱ्याकडून मूठभर पिंजलेला कापूस मागितला तर तो हसून देतो. तो मोकळा करून डब्यात सैल भरायचा, दाबायचा नाही. लाटा त्यात विरतात, आणि कोनाला डबा आहे त्यापेक्षा थोडा मोठा भासतो.

बारा मिलिमीटरच्या प्लायचा दोन फूट बाय तीन फुटांचा तुकडा डाव्या-उजव्या जोडीच्या दोन्ही डब्यांना पुरतो आणि चुकायलाही थोडा उरतो. एमडीएफ कापायला सोपं आणि मुकं, पण कोकणात किंवा मुंबईच्या पावसात त्याच्या उघड्या कडा फुगतात. तिकडच्या वाचकांनी प्लायच घ्यावा. जयपूरला पावसाची भीती कमी, धुळीची जास्त. मे-जूनमध्ये आंधी आली की कोनामागच्या कॉइलच्या फटीत कण शिरतात आणि आवाज घासू लागतो. समोर कापडाची जाळी म्हणूनच हवी.

मी स्वतः पहिल्या डब्यात दोन चुका केल्या. स्क्रू पिळताना पेचकस मॅग्नेटने ओढला आणि तो कोनातून आरपार गेला. तेव्हापासून स्क्रू आवळताना मी कोनावर जाड पुठ्ठा धरतो, आणि वाचकानेही धरावा. दुसरी चूक हळू कळली. दोन्ही डबे तयार झाले, केसरबाईंची जुनी मोनो ध्वनिमुद्रिका लावली. आई ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई कुठे बसल्यात तेच कळत नाही रे. खोलीभर सांडल्यात." तिला वायरीतलं काही कळत नाही, पण तिने नेमकं दुखणं सांगितलं. एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. एक कोन पुढे येत होता तेव्हा दुसरा मागे जात होता, आणि दोघांच्या मधोमध जिथे गळा उभा राहायचा तिथे तो पुसला जात होता. वायरी बदलल्या आणि बाई समोर, दोन डब्यांच्या मध्ये, जमिनीपासून हातभर उंचीवर येऊन बसल्या. जोडी तपासायला जुन्या मोनो ध्वनिमुद्रणासारखं साधन नाही. आवाज बरोबर मध्यभागी एका ठिपक्यात आला नाही तर कुठेतरी काहीतरी चुकलेलं आहे.

खोलीबद्दल एक प्रकरण स्वतंत्र आहे, आणि मला ते सगळ्यांत जवळचं आहे. आमच्याकडे घरात कोटा स्टोनची फरशी, चुन्याच्या उघड्या भिंती, उंच छत. अशा खोलीत टाळी वाजवली तर ती झणझणते. स्पीकरवर कितीही खर्च करा, झणझणणारी खोली तो सगळा खाऊन टाकते. एक सतरंजी, भिंतीला लागून गादी, पुस्तकांचं कपाट, एवढ्याने जो फरक पडतो तो महागडा अॅम्प्लिफायर घेऊन पडत नाही. अरुंद डब्यातून खालचे स्वर मागेही पसरतात आणि समोर बसलेल्याला कमी मिळतात. डबा भिंतीजवळ सरकवला की भिंत त्यातले पुष्कळसे परत देते. किती जवळ, ते पट्टीने ठरवता येत नाही. एका संध्याकाळी एकच बंदिश लावून डबे वीतवीत पुढेमागे करत राहावं लागतं.

खरेदीबद्दल थोडंच सांगतो. जयपुरात एम. आय. रोडवरचं जयंती मार्केट, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवारातली तपकीर गल्ली. खोक्यावर पीएमपीओचे शेकडो वॅट छापलेले असतील तर तो आकडा सोडून द्या. एका वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणारा साधा स्पीकर आणि वाहिनीमागे सहा वॅट देणारा बोर्ड मिळून घरच्या खोलीत गाणाऱ्या माणसाएवढा आवाज सहज निघतो. त्याहून मोठा आवाज शेजाऱ्यांसाठी असतो. आणि एक कळकळीची विनंती: बारा व्होल्टचा तयार, बंदिस्त अॅडॅप्टरच वापरा. घरातल्या २३० व्होल्टच्या बाजूला या पुस्तकात कुठेही हात लावायचा नाही, हात लावायला सांगितलेलाही नाही.

या कामात ज्यांची मदत झाली त्यांत गल्लीतले सुतार मिस्त्री पहिले. गोल भोक पाडताना प्लायची कड फाटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं कापायचं, हे त्यांनी शिकवलं. शेजारच्या त्या मुलाने तिसऱ्या प्रकरणातला डबा माझ्याआधी बांधून माझ्या मापातली एक चूक दाखवली. सोळाच्या जागी मी अठरा लिहिलं होतं. माठ त्याने परत गच्चीवर ठेवला आहे, स्पीकरसकट. अधूनमधून तो खाली आणतो, माठ आणि डबा शेजारी ठेवून एकच गाणं दोन्हींवर लावतो आणि डोळे मिटून ऐकतो.

पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल जवळ आणून ठेवा. त्याची दोन टोकं स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर लावायची आणि कोन पुढे उडी घेतो की मागे, ते पाहायचं; पुढे आला तर सेलच्या अधिक टोकाशी असलेल्या बाजूला तांबड्या रंगाचा ठिपका द्यायचा. कोन मागे गेला तर टोकं उलटी करून पुन्हा पाहायचं. दोन्ही स्पीकरना ठिपके पडले की मग करवत हातात घ्या.